समुद्राचं मावंदं

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला माझ्याबद्दल, मला सोयीचं वाटेल त्यापेक्षा बरंच जास्त ठाऊक आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कधी उमापूरला जाण्याची शक्यता कमी, हे एक कारण असावं. दुसरं अजून सापडलेलं नाही.

आधी आक्काबद्दल सांगतो. आक्का माझी थोरली बहीण. गेवराई तालुक्यातल्या उमापूरला राहते. आमचं घर मेंढपाळांचं. तिचं आयुष्य मेंढरांमागे गेलं, माझं पुस्तकांमागे — मी बीडला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कामात फार फरक नाही, दोन्हीकडे अधूनमधून एखादं हरवतंच. मेंढरू निदान हाक मारली की परत येतं. काही वर्षांपूर्वी मेंढरं कोंडताना तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि अख्खा मुलूख पायाखाली घातलेली बाई घर ते अंगण एवढ्यावर आली. पायऱ्या, चिखल, वाळू — सगळं बंद.

समुद्राचं तिच्या डोक्यात कुठून आलं? नातीच्या मोबाइलमधून. एकदा मला म्हणाली, "बापू, आपली गोदामाय शेवटाला जाती कुटं रं?"

मी म्हणालो, समुद्रात.

"मंग समद्याच नद्यांचं पानी तितं आसंल की. मानसानं कासीला कावून जावं?"

इतकी वर्षं पुस्तकांत काढूनही या युक्तिवादात मला खोट काढता आलेली नाही.

आमच्याकडे काशीहून आलेला माणूस मावंदं घालतो, म्हणजे गावजेवण. आणलेल्या पाण्याची पूजा होते आणि पंगतीआधी ते तीर्थ म्हणून सगळ्यांना देतात. त्यात एक अट असते. पाणी यात्रेकरूनं स्वतःच्या हातानं भरलेलं पाहिजे. म्हाताऱ्या बाया पहिल्यांदा तेच विचारतात, बाकी प्रवास कसा झाला वगैरे नंतर. आक्काला समुद्राचं मावंदं घालायचं होतं. तिला हॉटेल नको होतं, विमान नको होतं. पाण्यात पाय टेकवून आपल्या हातानं बाटली भरायची, एवढंच होतं.

बीडमधून ज्येष्ठ नागरिकांची अंदमानची सहल निघत होती. बायकोला पाण्याची भीती, म्हणून मी आक्काला घेऊन निघालो. निघण्याआधी मंगल कार्यालयात आमचा सत्कार झाला. अजून कुठे गेलोही नव्हतो. एका पुढाऱ्यानं सांगितलं की आम्ही जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेणार. समुद्र एकच लागतो, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या, सहलीलाच येणाऱ्या एका निवृत्त साहेबांना मी ते हळूच सांगितलं. ते खुदकन हसले. वाचणारा माणूस. आमची तिथेच मैत्री जमली, आणि —

हो, इथेच सुरुवात झाली. माणसाला दाद देणारा एक श्रोता मिळाला की तो काय काय विकायला काढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं. वाचलेलं होतं.

पोर्ट ब्लेअरहून एका लहान बेटावर जायला बोट होती, बंद काचांची, थंडगार. आक्का खिडकीशी बसली. बोटीनं वेग घेतला, बाजूनं पांढऱ्या लाटा धावायला लागल्या, आणि आक्कानं त्यांना हाक घातली — मेंढरांना घालतात ती, रानाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचणारी. अख्खी बोट वळून बघायला लागली. काही जण हसले. वाईट हसले नाहीत, हेही सांगतो. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या कोण?"

मी म्हणालो, "गावाकडच्या आहेत."

बहीण, हा शब्द तीन अक्षरी आहे. मला तो उच्चारता आला नाही.

आता थोडं मागे जातो. लहानपणी माझ्या पायात नारू झाला होता. तुम्ही पाहिला नसेल — विहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा किडा, पुढे पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळायचा आणि हलायचं नाही. त्या पावसाळ्यात आमचा कळप पार बालाघाटाच्या डोंगरात गेला होता. कपिलधारचा धबधबा सगळ्यांनी पाहिला, मी पालाखाली पडून फक्त वर्णनं ऐकली. संध्याकाळी आक्कानं, तीही परकरातलीच पोर, मला पाठंगुळीला घेतलं. पायऱ्या ओल्या होत्या. ती एकेक पायरी बसून उतरली, मला पाठीवर तसंच ठेवून. खाली तुषार एवढे उडत होते की मला धबधबा दिसलाच नाही, नुसता तिच्या केसांचा वास आला, तेलाचा आणि लोकरीचा. तरी आपण धबधबा पाहिला असं मी पुढे वर्षभर पोरांना सांगत होतो. तो वास मला आजही कधीकधी येतो. वाचनालयात जुनी कपाटं उघडताना यायचा. का, ते कळत नाही.

तर ते बेट. आमचं हॉटेल किनाऱ्याजवळ होतं, पण मध्ये झाडी. आक्काच्या व्हरांड्यातून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी आक्काचा वॉकर पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं — वाळूत चालणारी एक खुर्ची आहे, जाड चाकांची, थेट पाण्यात जाते. संध्याकाळी तुमच्यासाठी काढून ठेवते. फक्त घरच्या कुणीतरी ढकलायला आणि पाण्यात धरून राहायला हवं.

मी त्यांचे आभार मानले. मग व्हरांड्यात आलो आणि आक्काला म्हणालो, "एक खुर्ची हाय म्हणं इथं, वाळूत चालणारी. पण चाक पंक्चर झालंय."

पंक्चर. एवढी पुस्तकं वाचून मला सुचलं ते हे.

का? संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर असणार होते. साहेब असणार होते. आक्काला पाण्यात उतरवली असती तर तिनं पुन्हा तीच हाक घातली असती, याची मला खात्री होती. आणि तेव्हा खुर्चीमागे मी असतो. दुसऱ्यांचा थाट मला मैलावरून दिसतो, हसू येतं. माझाही एक थाट होता — थाट न करणाऱ्या, मिश्कील, वाचलेल्या माणसाचा. त्याला नऊवारीतली बहीण शोभत नव्हती.

आक्कानं पिशवीतून बाटली काढून माझ्याकडे दिली. "आसू दे. तू तरी भर. मी हितंच बसते, आवाज येतोय की चांगला."

मी गेलो. आणि आता सर्वांत वाईट भाग सांगतो — ती संध्याकाळ फार सुंदर होती. पँट दुमडून आम्ही पाण्यात उभे राहिलो. आकाश केशरी झालं. मी एकामागून एक चांगली वाक्यं बोललो, साहेब हसले. बाटली भरायची आठवण मला निघता निघता झाली. इतका आनंदी मी त्याआधी कधी होतो, आठवत नाही.

गावी परतल्यावर मावंदं झालं. अंगणात पुरणपोळ्यांच्या पंगतीची तयारी, पाटावर तांब्या, तांब्यात समुद्र. आक्का वॉकर बाजूला ठेवून खुर्चीवर बसली होती, तांब्यावर हात ठेवून. तिची चुलत जाऊ भागूबाई वयानं सगळ्यांत मोठी. तिनंच आक्काला विचारलं. "गयाबाई, सोताच्या हातानं भरलंस न्हवं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोलायचं मीच होतं. एक वाक्य लागलं असतं. आक्का तशी दुधातल्या पाण्याविषयी शांतपणे खोटं बोलू शकते, पण पूजेच्या तांब्यावर हात ठेवून नाही. मी वाट पाहिली — कशाची?

"मंग?" आक्का म्हणाली. "बापूनं नेलं की मला खुर्चीत बसवून. पिवळी चाकं हुती, फुग्यावानी. वाळूत रुतत न्हाईत. पार हितवर पान्यात नेलं." आणि तिनं गुडघ्याला हात लावून दाखवला.

पिवळी. मी रंग सांगितला नव्हता. मीही ती खुर्ची पाहिली नव्हती. म्हणजे त्या संध्याकाळी, मी वाक्यं बोलत असताना, व्हरांड्यासमोरून ती खुर्ची गेली होती. दुसरं कुणीतरी त्यात बसलेलं होतं, कुणाच्या तरी घरचं माणूस ढकलत होतं. आणि आक्का बघत होती.

"लई गार आसंल की पानी?" भागूबाईनं विचारलं.

आक्का अडली. तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. नुसतं विचारत होती. "काय रं बापू? कसं हुतं?"

"कोमट," मी म्हणालो.

"कोमट हुतं," तिनं बायांना सांगितलं.

तीर्थ वाटलं गेलं. कुणीतरी तोंड वेडंवाकडं करून म्हणालं, "खारट हाय बया." आक्का म्हणाली, "समिंदर हाय त्यो. उसाचा रस आसंल व्हय?" सगळे हसले. मला टॉवेल-टोपीचा आहेर झाला, बहिणीला समुद्रात नेणारा भाऊ म्हणून. मी तो घेतला.

आक्का अजून आहे. नवं माणूस आलं की ती गोष्ट निघते — खुर्ची, चाकं, गुडघ्यापर्यंतचं पाणी. मी असलो तर मान हलवतो. पाणी कसं होतं हे ती आता मला विचारत नाही. कोमट होतं, असं स्वतःच सांगते.