दहा पावलांवरचा बाक

पहिल्या तासात माझ्या टेबलावर फक्त तीन मतं झाली होती आणि बाहेर साठ-सत्तर बायका उन्हात बसून होत्या. चौथी टेबलापुढे उभी होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

"नवऱ्याचं नाव सांगा," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"तुमच्या कागदावर लिवलं हाय ना?"

"आहे."

"मंग वाचा की. मले कायले पुसता?"

मागच्या बायका हसल्या. मी हसले नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण नियम माझ्या कागदावर छापलेला होता.

मी वाशीमला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्या वर्षी कायदेमंडळाच्या निवडणुकीत बायकांच्या पोलिंगसाठी इंग्रजी येणारी बाई हवी होती, कारण सगळे फॉर्म इंग्रजीत होते. अकोल्याहून माझ्या नावाचा हुकूम आला. हुद्दा प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे मतदानाच्या खोलीतली मुख्य. खोली होती केनवडच्या बाजूच्या एका गावातली शाळा. गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणारे आणि त्यांच्या बायका, एवढ्यांनाच होतं. त्यामुळे यादीत बायकांची नावं अशी होती: अमुक, तमुकची बायको. ओळख पटवायची तर नवऱ्याचं नाव विचारायचं. ते मी वाचून दाखवायचं नाही, तिनं सांगायचं. आणि इकडे बाई मेली तरी नवऱ्याचं नाव घेत नाही. हा नियम ज्यानं केला त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. पण मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, बोर्डिंगमध्ये वाढले. माझी आई वडिलांचं नाव घेत नसे, हे मला त्या टेबलावर बसल्यावर आठवलं.

एका म्हातारीनं तेवढी वाट काढली. पदर नीट केला आणि म्हणाली, "पराटीले बोंड, बोंडाले कापूस, किसनरावाचं नाव घेतो, बाई, आता नको लय पुसूस." खोलीभर हशा झाला. मी यादीवर खूण केली. पण सगळ्याच काही लग्नाच्या मांडवात आल्या नव्हत्या. बाकीच्या खाली बघत राहिल्या.

दुसरी अडचण याहून मोठी होती. लिहिता-वाचता येणारीनं बॅलट पेपरवर आपल्या हातानं फुली मारायची. न येणारीनं उमेदवाराचं नाव माझ्या कानात सांगायचं आणि फुली मी मारायची. त्या यादीत अक्षर येणाऱ्या दोघीच होत्या. म्हणजे त्या दिवशी त्या गावातल्या बायकांना सरकारबद्दल काय वाटतं, ते माझ्या उजव्या कानाला कळणार होतं. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये, एवढीच खरी माझी नोकरी होती.

नागपुरात तेव्हा ज्या पक्षाचं मंत्रिमंडळ होतं, त्याला लोक फेटेवाले म्हणत. वकील, मोठे खातेदार, कापसाचे जिनिंगवाले अशांचा तो पक्ष. इंग्रज सरकारशी भांडायचं नाही, घाई करायची नाही, ज्याचं आहे त्याचं राहू द्यायचं आणि जमेल तशी सुधारणा करायची, असं त्यांचं धोरण. वाईट म्हणावं असं ते नव्हतं. माझे वडील त्यांनाच चांगलं म्हणत. त्यांचे उमेदवार वाशीमचे एक वकील होते. समोर दुसऱ्या पक्षाचा एक शाळामास्तर होता. गावात फेटेवाल्यांचं सगळं पाटील बघत.

दहाच्या सुमाराला नायब तहसीलदार घोड्यावरून आले. त्यांनी दारातून रांग पाहिली.

"मिस, हे काय? या रेटनं होळीपर्यंत पोलिंग चालेल."

"सर, बायका नवऱ्यांची नावं घेत नाहीत."

"मग घ्यायला लावा."

"नाही घेत, सर."

"अहो, आयडेंटिफाय कुणीही करू शकतं. गावातली एखादी बाई शेजारी बसवा. पाचला पेटी सील झाली पाहिजे."

ते पुढच्या गावाला गेले. कुठली बाई बसवायची, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक बाक होता. तो पोलिंग एजंटांचा. एजंट म्हणजे उमेदवाराच्या बाजूनं लक्ष ठेवणारं माणूस. मास्तरांच्या पक्षाला एजंट म्हणून बाई मिळाली नव्हती आणि पुरुषाला आत येता येत नव्हतं. त्यामुळे बाकावर एकटी फेटेवाल्यांची एजंट होती: पाटलांची थोरली सून. सगळं गाव तिला वहिनी म्हणे. हिरवं लुगडं, नीट कपाळ, आवाज गोड. तिला गावातलं प्रत्येक घर माहीत होतं. मी तिला टेबलाशी खुर्ची दिली.

"मी सांगतो ना एकेकीचं," वहिनी म्हणाली. "ये व कौसे. हे शामरावची. ते मागची तुळशीरामची. तोंड काय लपवतं व, तुले काय कोनी पायाले आलं काय?"

रांग धावायला लागली. तासाभरात वीस मतं झाली. मला फार बरं वाटलं.

पहिल्या तीन बायकांनी माझ्या कानात काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. तिघींनी एकाच उमेदवाराचं नाव घेतलं नव्हतं, एवढंच सांगते. वहिनी खुर्चीवर बसल्यानंतर एकच नाव यायला लागलं. आणि ते कानातही येत नव्हतं, मोठ्यानं येत होतं.

"वकीलसायबाले."

"ज्याचं राज्य त्याले, बाई. आपल्याले काय कराचं?"

"सडक केली त्यायनं. मोटार येते आता मालेगावले. त्यायलेच."

"वहिनी सांगतीन त्याले."

यातलं काही खरं होतं. सडकेचं बोलणारी मनापासून बोलत होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बाकीच्या आधी वहिनीकडे बघायच्या आणि मग तोंड उघडायच्या. पंधराव्या की सोळाव्या बाईला हे माझ्या लक्षात आलं. मला एवढंच म्हणायचं होतं की वहिनी, ओळख झाली की तुम्ही बाकावर जाऊन बसा. वाक्य मी मनात दोनदा जुळवलं. पण वहिनीनं माझ्यासाठी घरून चहा मागवला होता, रांग सरकत होती, आणि मला माणसांना उठ म्हणायची सवय नाही. मी पेन्सिलीला टोक केलं आणि पुढचा पेपर घेतला.

दुपारी यमुना आली. विधवा, चाळिशीची. पाच एकर शेत तिच्या स्वतःच्या नावावर होतं, म्हणून यादीत तिचं एकटीचं नाव होतं. तिला कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि तिच्यासाठी वहिनीचीही गरज नव्हती. मी कान पुढे केला. ती वाकली नाही.

"फेटेवाल्याले नाई," ती म्हणाली. "मास्तराले मारा फुली."

रांगेतल्या बायका वहिनीकडे बघायला लागल्या.

"यमुने," वहिनी हसत म्हणाली, "चुकून बोलली का व?"

"चुकून कायले बोलीन? दवाखान्याचा दगड बसवाले मंत्री आला, तवा दगडाले हार कोनी घातला? आमीच ना? डाक्तर कवा येईन म्हनून पुसलं, त हासला थो. माही पोरगी मंगरूळच्या वाटेवर गाडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. दगड हाय अजून. बकऱ्या बसतात त्याच्यावर."

मी फुली मारली. कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली, तिनं तो पेटीत टाकला आणि ती निघून गेली. मग मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आता मागे बाकावर बसता का?"

"बसतो ना," वहिनी म्हणाली. "पन आता आयकाचं काय राह्यलं, बाई?"

पाचला पेटी सील झाली. नायब तहसीलदारांनी माझं कौतुक केलं. बायकांचं एवढं पोलिंग तालुक्यात कुठेच झालं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा फेटेवाले वाशीमला पडले, प्रांतातही पडले. सडक केलेल्या गावांतही पडले. त्यांना कोण नको म्हणतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण समोरासमोर सगळे हो म्हणत होते. वकीलसाहेब परत कोर्टात जायला लागले. पाटलांना मात्र राग काढायला माणूस हवं होतं. अख्ख्या मतदारसंघातलं एकच नाव त्यांना नक्की ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी यमुना सर्व्हिस मोटारीनं वाशीमला आली आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. तिच्या शेताला गाडीवाट पाटलांच्या धुऱ्यावरून होती. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिच्या सासऱ्याच्या काळापासून बैलगाडी तिथूनच जायची. पाटलांनी त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. तिचा हरभरा सोंगून, म्हणजे कापून, शेतात ढीग लावून पडला होता. खळं गावाजवळ, आणि पाय ठेवायला दुसरी वाट नाही.

"डोक्शावर आनून पायलं. धुऱ्यावरून गडी हाकलतात," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी तिथं होत्या. तुमी लिवा अर्ज. मत देल्लं म्हनून वाट बंद केली, असं लिवा."

मी तिला बसवून ठेवलं आणि कचेरीत नायब तहसीलदारांना विचारायला गेले.

"वाटेचा अर्ज द्या ना, जरूर द्या," ते म्हणाले. "पण मताचं लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, की पाटलांना कळलं कसं? एजंट टेबलापाशी कुणी बसवली?"

"तुम्ही म्हणालात, गावातली बाई."

"मी एजंट म्हणालो का?"

ते तसं म्हणाले नव्हते.

"चौकशी तुमची होईल, मिस. पाटलांची नाही. तुमची अपॉइंटमेंट अजून टेम्पररीच ना?"

होती. वडील गेल्यापासून आई आणि मी त्या पगारावर राहत होतो.

व्हरांड्यात परत येऊन मी अर्ज लिहिला. इंग्रजीत लिहिला. साहेब लवकर वाचतील, असं तिला सांगितलं. वहिवाटीची जुनी वाट, बाभळीच्या काट्या, पडून असलेलं पीक, सगळं व्यवस्थित लिहिलं. इंग्रजी चांगलं झालं होतं.

"मताचं लिवलं ना?" यमुनेनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिनं अंगठा दिला. मग अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, "तुमी होत्या म्हनून बरं झालं, बाई."

नुसता वाटेचा अर्ज म्हणून तो दहा दिवसांनी परत आला. वर शेरा होता: दिवाणी बाब, अर्जदारानं कोर्टात जावं. शेरा यायच्या आदल्या दिवशी केनवड भागात गारपीट झाली. हरभरा शेतातच काळा पडला. यमुना पुन्हा वाशीमला आली नाही. त्याच वर्षी तिनं शेत पाटलांना बटाईनं, अर्ध्या पिकावर, दिलं, असं पुढे कानावर आलं. आता ती आपल्याच शेतात पाटलांच्या मजुरांबरोबर कापूस वेचते. धुऱ्यावरच्या काट्या पेरणीआधीच काढल्या म्हणे. आता गाडी पाटलांचीच जाते.

याला चार वर्षं झाली. मधल्या काळात मी पर्मनंट झाले. नवीन मंत्रिमंडळ आलं आणि तेही गेलं. दवाखान्याच्या दगडावर भिंत अजून चढलेली नाही. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत मला पुन्हा बायकांच्या खोलीवर नेमलं. कचेरीतल्या साहेबांना माझं पहिलं काम चांगलं वाटलं होतं. एजंटांचा बाक टेबलापासून दहा पावलांवर ठेवायचा, हे मी शिपायाला सांगत नाही. मी स्वतः पावलं मोजते. ओळखीसाठी गावातल्या दाईला बसवते, आणि ओळख झाली की तिलाही बाहेर पाठवते. उठा म्हणायला मला अजून जड जातं, पण म्हणते.

कुणाचा अर्ज लिहायचा असेल तर मराठीत लिहिते. पूर्ण वाचून दाखवते आणि मगच अंगठा घेते.