कॅबिनेटवरचा हात

भूत, करणी, नजर यातलं काहीच मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आणि मी बी.एस्सी. फिजिक्स. चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन स्वतःची फी भरलेली आहे. त्यामुळे अशा ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. आज लिहितोय, कारण ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झालं.

लालबागला दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. राहणारे तिघं — मी, माझी बायको सुजाता आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. तीन वर्षांपूर्वी आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं. सुजाता नर्स आहे, तिच्या ड्युट्या फिरत्या. म्हणून मी घरूनच काम करतो — लोअर परळच्या एका इंटिरिअरवाल्यांसाठी फ्लॅट तयार झाल्यावर कसे दिसतील त्याचे व्हिडिओ बनवतो. व्हिडिओ तयार होताना कॉम्प्युटर सात-आठ तास पूर्ण ताकदीने चालावा लागतो.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी मशीन साफ करायला काढलं. त्या दिवशी आमच्याकडे कॉम्प्युटरला झेंडूचा हार पडतो — ती सुजाताची हौस. मी आपली धूळ काढतो. प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे त्याला थंड ठेवणारा पंखा, उतरवला, ब्रश मारला, मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू तिरके-समोरासमोर असे थोडे थोडे पिळत परत बसवला. हे काम मी आधी चारदा तरी केलं होतं.

चालू केलं... पूर्वी पूर्ण लोडवर तापमान सत्तरच्या आत असायचं. आता दोन मिनिटांत सत्त्याण्णव! शंभरला मशीन आपोआप बंद.

जितूला फोन लावला. हा माझा चाळीतला दोस्त, लॅमिंग्टन रोडला दुकान आहे.

"खालचं प्लास्टिक काढलंस ना?"

"जुनाच कूलर आहे रे, त्याला कसलं प्लास्टिक?"

"पंखा उलटा?"

"नाही."

"मग पेस्टच्या जागी चुना लावलायस तू, विन्या."

शनिवारी तो स्वतः आला. पेस्ट परत लावली, दुसरा कूलर आणला होता तोही बसवून पाहिला, सेटिंग्ज बघितल्या. सत्त्याण्णव. जाताना चप्पल घालत म्हणाला, "बोर्डाचा प्रॉब्लेम असेल. मंगळवारी दुकानात आण."

पण माझी फाइल सोमवारी सकाळी दहाला जायची होती. ऑफिसच्या सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "घरचं मशीन भरवशाचं नसेल तर सोमवारपासून ऑफिसला येऊन बसा. कायमचंच." आता मी ऑफिसला बसलो की आप्पांना दुपारी भरवणार कोण? कूस बदलणार कोण? दिवसभराची बाई ठेवून पाहिली होती. तिने हात लावला की आप्पा रडायचे. तो विषय तिथेच संपला होता.

रविवारी सकाळी सुजाता ड्युटीवर गेली. आप्पांची खुर्ची माझ्या टेबलाला लागूनच असते. मी डोकं धरून आकडा बघत होतो — त्र्याण्णव, पंच्याण्णव... आप्पांनी डावा हात लांब केला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळवा ठेवला.

मला नवल वाटलं नाही. गिरणीत ते फिटर होते. बेअरिंगवर तळवा टेकवून सांगायचे, अजून दोन तास चालेल, किंवा आत्ता बंद करा. जुनी सवय.

मग आकडा उतरायला लागला. ऐंशी. एकाहत्तर. साठला थांबला.

मी त्यांचा हात उचलला. सत्त्याण्णव. ठेवला. साठ. तीन वेळा केलं. माझा हात ठेवून पाहिला, ओलं फडकं टाकलं, फ्रिजमधली बाटली टेकवली — फरक शून्य. शेजारच्या मालतीकाकी काय चाललंय म्हणून डोकावल्या, त्यांनाही हात ठेवायला लावला.

"अरे मेल्या, माझो हात भाकरे भाजून करपलेलो आसा, तो काय थंड करतलो?" त्या हसत म्हणाल्या. आणि आप्पांकडे बघून, "म्हाताऱ्याक कित्याक रे कामाक जुंपलंस?"

मी आप्पांना विचारलं होतं. "बसाल का आप्पा, संध्याकाळपर्यंत?" त्यांनी डोळे मिटून उघडले. आमच्याकडे त्याचा अर्थ हो. कोपराखाली उशी दिली आणि काम सुरू केलं.

दीडच्या सुमाराला पेज भरवताना त्यांचं मनगट लागलं. भाजत होतं. मनाशी म्हटलं, कॅबिनेट तापलंय, म्हणून. आणि मग कॅबिनेटला हात लावला. ते माठासारखं गार होतं.

उष्णता नाहीशी होत नाही, एका जागेवरून दुसरीकडे जाते — हे वाक्य मी नववीच्या पोरांकडून घोकून घेतलेलं आहे. त्या क्षणी मला कळायचं ते कळलं. स्क्रीनवर व्हिडिओ चौसष्ट टक्के झाला होता.

मी थांबवलं नाही.

चारला सुजाता आली. पर्स खांद्यालाच, दारातूनच म्हणाली, "आप्पा असे लाल का झालेत?" थर्मामीटर लावला. एकशे तीन.

"हात काढ त्यांचा!"

"आठच टक्के राहिलेत गं..."

"विनायक, वडील आहेत ते तुझे!"

तिने बोटं एकेक करून सोडवली. आप्पा सोडत नव्हते. त्या डाव्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. शेवटी हात निघाला... आणि मी आधी स्क्रीनकडे बघितलं. हे लिहायची लाज वाटते, पण बघितलं. आकडा चढला नाही. साठचा बावन्न झाला. उरलेले आठ टक्के आपोआप पुरे झाले.

सोमवारी फाइल गेली. काम टिकलं. मी घरीच आहे.

आप्पांचा ताप दोन दिवसांत शंभर पॉइंट चारवर आला आणि तिथेच थांबला. आज वर्ष होत आलं. गोळी दिली की दोन तास उतरतो, परत तेवढाच. मलेरिया, टीबी, रक्त, लघवी, छातीचा फोटो — सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, लकव्यानंतर मेंदूचं नियंत्रण बिघडतं कधीकधी. सुजाताने ते मान्य केलं. मलाही करायचंय. पण बिघडायला दोन वर्षं थांबून नेमका तोच रविवार सापडला? आप्पा वाळत चाललेत. पूर्वी त्यांना उचलताना मला दम लागायचा, आता लागत नाही.

आणि मशीन बावन्नच्या वर जात नाही. काहीही करा.

मी करून पाहिलंय. स्क्रू ढिले केले. पेस्ट न लावता कूलर बसवला. मध्ये प्लास्टिकचा तुकडा घातला. पंख्याची वायर काढली. जितूकडे मशीन नेलं आणि म्हटलं, हे तापवून दे.

"लोक थंड करायला आणतात रे, आणि तू—" तो हसायला लागला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. दोन दिवस त्यानेही खटपट केली. बावन्न.

याला स्पष्टीकरण काय, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा, पण कृपा करून मांत्रिकाचा पत्ता देऊ नका.

एकच उपाय सुचतो, तो रोज सकाळी करून बघतो. मशीन पूर्ण लोडवर टाकतो, आप्पांचा डावा हात माझ्या हातात घेतो आणि कॅबिनेटपाशी नेतो. म्हणतो, "आप्पा, ठेवा. जाऊ दे तो ताप परत मशीनमध्ये. मी जाईन ऑफिसला."

आप्पा माझ्याकडे बघतात, आणि मूठ घट्ट वळतात.