आबांच्या इस्त्रीखालचं विलायती पान

माझे आबा भिंगारला छावणीतल्या साहेबलोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचे. त्यांची कोळशाची इस्त्री इतकी जड, की ती टेबलावर टेकली की तिकडे नगर स्टेशनात उभी गाडी हादरायची. थोडं इकडेतिकडे असेल, पण तेवढं धरून चला.

एका बंगल्यातल्या पोरांना विलायतेहून त्यांची मावशी गमतीची कॉमिकं पाठवायची. वाचून झालेली कॉमिकं कपड्यांच्या गाठोड्यात तळाशी अंथरली जायची आणि तशीच आमच्या घरी यायची. आबा साहेबाचा शर्ट बाजूला सारून आधी कॉमिक घ्यायचे. इस्त्री निवू द्यायची, वर जुन्या धोतराचा तुकडा धरायचा आणि पानांचे मुडपलेले कान एकेक करून सरळ करायचे.

"साहेबाच्या पोरान्ला कागदाची किंमत न्हाई," म्हणायचे. मग कडुनिंबाचा पाला घालून सगळी पत्र्याच्या ट्रंकेत.

आबांना अक्षर येत नव्हतं. मी अकरावीला होतो आणि इंग्रजीत माझा हात धरणारा जिल्ह्यात नाही, असं घरी सांगून ठेवलं होतं. खरं तर माझं इंग्रजी राणीच्या कानी गेलं असतं, तर तिनं ती भाषाच बंद केली असती. तरी रोज संध्याकाळी मी आबांना कॉमिकं 'वाचून' दाखवायचो. धुराड्यात अडकलेला जाडा पोरगा माझ्या तोंडून म्हणायचा, "मास्तर, पलीकडच्या आळीत लग्न आहे, वास घ्यायला चढलो होतो." आबा हसून हसून भिंतीला टेकायचे.

दुष्काळाच्या साली घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या होत्या आणि आबांचं एक पान ठरलेलं होतं. त्यातल्या शेवटच्या चित्रात एक उनाड पोरगा जेवायला बसलेला. पुढ्यात कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर. मागे त्याचा बाप चप्पल घेऊन उभा, काहीतरी बोलतोय.

"ह्यो बाप काय म्हनतो रं?"

एकदा मी म्हणालो, "खा लेका, उद्या मारतो." एकदा म्हणालो, "मलाही दे घासभर."

पुढे आबांची छाती धरली. अंथरुणावरून त्यांनी ते पान मागितलं. मी सुरू करणार, तोच त्यांनी पानावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. येकच चित्र, अन् बाप दर बारीला येगळं बोलतो व्हय? लई हसवलंस लेकरा. आज छापलंय ते वाच."

सात शब्द होते. त्यातले दोन मला येत होते.

"अक्षर बारीक आहे आबा. उद्या उजेडात वाचतो."

भर दुपार होती. आबांनी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

त्यानंतर ते चार दिवस होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी ट्रंकेकडे फिरकलो नाही.

आबांचं दिवसकार्य झाल्यावर आईनं विचारलं, "तुमच्या त्या बुकांचं काय करू रं?"

मला ती ट्रंक डोळ्यांसमोर नको होती. "रद्दी आहे ती," मी म्हणालो.

आठवड्यानं मन खायला लागलं. ते पान मिशनच्या शाळेतल्या मास्तरांकडे नेऊन वाचून घ्यावं आणि आबांच्या फोटोपुढे तरी खरं सांगावं, म्हणून ट्रंक उघडली. आत नुसता पाला होता. आई ओट्यावर बसलेली. कॉमिकं मेथ्या घालून भिजवली होती, कुटली होती, आणि तो लगदा ती पालथ्या घागरीवर थापत होती.

"वाया कशाला घालवायचं? टोपली हुतीय. आबाची आठवन ऱ्हाईल," ती म्हणाली.

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

टोपली माझ्याकडे आहे, राखाडी, मधेच एखादा लाल ठिपका. आता मला इंग्रजी येतं. जुनी विलायती कॉमिकं दिसतील तिथून घेतो आणि आधी शेवटचं चित्र बघतो. चपलावाले बाप पुष्कळ भेटले, बटाट्याचे डोंगरही. आबांचं पान नाही भेटलं. आणलेल्या कॉमिकांचे कान इस्त्रीनं सरळ करतो आणि मोठ्यानं वाचतो, छापलंय तेच. आमची विजेची इस्त्री हलकी आहे. तिनं काही हादरत नाही.