बाबांचे अडीच फूट

“थांब! अबे थांब म्हणतो ना, ब्रेक घरी ठेवून आला का?”

बाबा गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. गळ्यात शिटी, हातात आईच्या जुन्या साडीचं लाल फडकं. माझ्या सामानाचा टेम्पो एकीकडून साहू भैयांच्या आटाचक्कीच्या पत्र्याला आणि दुसरीकडून आमच्या दारापुढच्या तीन स्कूटरींना खेटून असा फसला होता, की पुढंही जाईना, मागंही येईना. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांनी गोंदियाला शिटी मारली की दुर्गची गाडी हलायची. त्या दिवशी तर बुढातलावातली बदकं उठून थेट समता कॉलनीत उतरली, असं मी सगळ्यांना सांगते. एकदोन तरी उडाली असतीलच.

अशा थाटात मी जुन्या रायपूरातला बुढापारा सोडला. नोकरी मंत्रालयात, नवा रायपूरला. रोज बसला लटकून माझा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब झाला होता, तेव्हा कुठं क्वार्टर मिळालं. बाबाही सोबत येणार होते. त्यांची पेटी टेम्पोत चढली होती. स्कूटरी हलवल्या, टेम्पो सुटला, आणि बाबांनी मोकळ्या झालेल्या जागेकडे एकदा पाहिलं. मग आपली पेटी खाली उतरवून घेतली. “तू हो पुढं,” म्हणाले.

टेम्पो जिथं फसला, ती जागा बाबांनीच गल्लीला दिलेली.

तीन वर्षांपूर्वी आईला दम लागला, तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडली. गल्लीतल्या चौघांनी आईला खाटेसकट उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. आई परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. बाबांनी ते ऐकून घेतलं. मानलं नाही.

तेरवी झाली आणि साहू भैयांच्या चक्कीत मीटिंग भरली. शहराचे नकाशे मोठे लोक करतील तेव्हा करतील, आपली गल्ली आपणच रुंद करू, असं ठरलं. प्रत्येक घरानं दोन फूट सोडायचे. पायरी, ओटा, जे काही पुढं आलं असेल ते तोडायचं. कोणी कोणाचं मोजायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या दारापुढं, आपल्या हातानं चुन्याची रेघ ओढायची. ही अट सगळ्यांना एका आवाजात पसंत पडली, तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पाहते तर गल्लीत रांगोळ्यांची स्पर्धा. एक रेघ पायऱ्यांना वळसा घालून गेलेली, एक तुळशीला प्रदक्षिणा करून आलेली. साहू भैयांची रेघ त्यांच्या पत्र्यापाशी आली आणि नव्या नवरीसारखी लाजून मागं फिरली. सरळ रेघ एकच, बाबांची. तीही दोन फुटांवर नाही, अडीच फुटांवर. मी विचारलं, काहून? तर म्हणे, गार्डानं थोडं जास्तच धरावं. आठवड्यात गवंडी लावून ओटा तोडला, पायऱ्या तोडल्या, पुढच्या खोलीची भिंत आत घेतली. तेव्हापासून त्या खोलीत पाय लांब केले की दार लागत नाही.

बाकीच्यांचं काय? “हव काका, देवारी के बाद,” साहू भैया म्हणाले. तीन दिवाळ्या झाल्या. चुना पावसानं नेला. आणि आमच्यापुढची मोकळी जागा पाहून आधी एक स्कूटर आली, मग तिच्या बहिणी आल्या, मग कोणाचा तरी मोडका कूलर. ज्यानं जागा सोडली, त्याच्याच दारापुढं गल्ली सगळ्यात अरुंद झाली.

तुम्ही गल्लीवाले फोनवर विचारता, नवा रायपूर कसं आहे. माझ्यासारखे जे इकडं आलेत, ते विचारत नाहीत. रस्ते एवढे रुंद आहेत की मी ओलांडायला निघाले तेव्हा पिशवीतली भेंडी कोवळी होती, पलीकडे पोचेस्तोवर जून झाली. सगळं आधीच आखलेलं. आमचीही मीटिंग होते, पण मोबाइलवर. सगळे अंगठा पाठवतात आणि झोपतात. इथं माझ्या दारात चार ॲम्ब्युलन्स एकदम येतील. खाट उचलायला चौघं कुठून आणायचे, ते नकाशात दाखवलेलं नाही. खरं सांगू, थकायला होतं. भांडायलासुद्धा बस धरून बुढापाऱ्याला यावं लागतं.

मागच्या रविवारी मी गल्लीत आले होते. स्कूटरी नव्हत्या, कूलर नव्हता. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, बरोबर त्या अडीच फुटांत, गळ्यात शिटी. सकाळी सात ते दिवेलागणीपर्यंत. कोणी गाडी लावायला आलं की नुसतं बघतात. समोरून कोणीतरी जाता जाता टोमणा मारला, “कका, तुंहर ड्यूटी कब सिराही?” ड्यूटी कधी संपणार म्हणे. साहू भैयांचा पत्रा अजून जागच्या जागी आहे, पण दिवसातून दोनदा चहा तेच पाठवतात. ॲम्ब्युलन्स आली तर खुर्ची उचलायला किती वेळ लागतो, हे बाबांनी घड्याळ लावून पाहिलंय म्हणे.

घर कुठं, असं हल्ली कोणी विचारलं तर माझं क्वार्टर डोळ्यापुढं येत नाही, ती आखडलेली खोलीही येत नाही. ती खुर्चीखालची जमीन येते. तिथं आमचं आता काहीच नाही.

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. म्हटलं, बाबा, तिकडची खोली तुमच्यासाठी तशीच ठेवलीय, पाय लांब करून झोपाल. गल्ली रुंद व्हायची तीन वर्षं वाट पाहिली, आता चला ना. किती दिवस असं बसायचं?

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“मी उठलो का लोकं गाडी लावतात,” म्हणाले.