पडद्याची स्प्रिंग आणि मालनबाई

मालनबाई पगारे नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेचं काम बघायच्या. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि मुलींनी सिंकमध्ये काय काय टाकलंय ते शोधून काढायचं. हे शेवटचं काम नेमणूकपत्रात नव्हतं, पण निम्मा दिवस त्यातच जायचा. आगकाड्या, गाळणकागदाचे बोळे, एकदा तर अख्खी वेणीची रिबीन.

त्यांच्या आधी त्या जागेवर जो माणूस होता, त्याने तुंबलेल्या सिंकमध्ये लोखंडी सळई खुपसून खालच्या शिशाच्या पाइपलाच भोक पाडलं होतं. ते ठिगळ रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे मालनबाईंनी पहिल्याच वर्षी ठरवलं की पाइपाशी जोर करायचा नाही. रिबीन अडकली तेव्हा मुली घाबरून उभ्या होत्या. मालनबाई शांतपणे स्टाफरूममध्ये गेल्या, पडद्यातली स्प्रिंग ओढून काढली, तिच्या टोकाचा हूक थोडा वाकवला आणि हळूहळू फिरवत सिंकमध्ये सोडली. सळई जिथे अडून बसायची, त्या वळणावरून स्प्रिंग अंग चोरून पलीकडे गेली आणि रिबीन घेऊन परत आली. तेव्हापासून स्टाफरूमच्या त्या खिडकीला पडदा राहिला नाही.

त्या राहायच्या नाशिकरोडकडच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर. नवरा सावळीराम ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाला. पहाटे कारखान्याच्या बसने जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. स्प्रिंगची गोष्ट सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही, आणि ज्याची मोरी तुंबेल तो मालनबाईंचं दार वाजवू लागला.

पहिल्यांदा त्या एका घरी गेल्या, तर त्या घरच्या बाईंनी मोरीकडे बोट दाखवलं आणि स्वतः नाकाला पदर लावून बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मालनबाई दारातच थांबल्या.

"ताई, आत या. मी सांगते, तुम्ही करा."

"मी?"

"मोरी तुमची आहे ना? मग हातही तुमचाच."

तो नियम झाला. मालनबाई दारात उभ्या राहून सांगणार, हात घरच्यांनी घालायचा. कुणाला वाटायचं, शाळेत राहून बाईंना शिकवायची सवय लागली. कुणाला खरं कारण कळायचं, आणि ते मुकाट्याने बाह्या वर करायचे.

सांगणंही ठरलेलं असायचं. आधी जाळी काढा, वरचे केस हातानेच उचला. मग मूठभर धुण्याचा सोडा आणि कडक पण उकळी न आलेलं पाणी ओता, आणि भात शिजेपर्यंत मोरीकडे बघू नका. तरी नाही सुटलं, तर अर्धा कापलेला रबरी चेंडू भोकावर दाबून वरखाली करा. सगळ्यात शेवटी स्प्रिंग. ॲसिड मात्र चुकूनही नको. लोखंडी खिळा ॲसिडमध्ये टाकला की कसा फसफसतो, ते शाळेत मुलींना दाखवताना त्या दरवर्षी बघायच्या. तुमचा बिडाचा पाइप म्हणजे एक मोठा खिळाच आहे, असं त्या सांगायच्या.

हे ज्यांना पटलं नव्हतं ते भिमाजी गायधनी. मूळचे पळसे गावचे, एस.टी.तून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांचं मत होतं की बंद पडलेली गाडी धक्क्याने चालू होते, तशी मोरीपण होते. त्यांच्या न्हाणीघरात ॲसिडची बाटली आणि चार फुटी सळई कायम हजर असायची.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी. नरकचतुर्दशीला गायधन्यांच्या घरी पहाटेपासून अभ्यंगस्नानं सुरू झाली. घरात माणसं सहा. तेल, उटणं, शिकेकाई आणि बायकांचे लांब केस, सगळं एकाच भोकातून जायला निघालं आणि चौथ्या आंघोळीला वळणावर अडून बसलं. नाना तेव्हा अर्ध्या अंगाला उटणं लावून बसले होते. त्यांनी बाटली ओतली. मोरीने थोडा धूर सोडला, पाणी काही सोडलं नाही. मग सळई घेतली आणि एस.टी.ला द्यावा तसा धक्का दिला.

पाणी गेलं. झर्रकन गेलं. नाना खूश झाले.

ते गेलं खालच्या मजल्यावर लताबाईंकडे. त्यांच्या छताखालचा पाइपाचा बाक, म्हणजे वळणाचा तुकडा, फुटला होता, आणि त्याच्या बरोबर खाली शंकरपाळ्यांचं ताट होतं. लताबाईंनी ताटाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि समोरच्या मालनबाईंना हाताला धरून वर घेऊन गेल्या.

नाना पंचा गुंडाळून उभे होते. एक हात, एक पाय पिवळा. लताबाईंनी त्यांना गळणाऱ्या छताचं सांगितलं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "बघा जरा आत हात घालून. तुमाला सवय आसंल."

लताबाईंनी मान खाली घातली. नानांच्या बायकोने, धोंडाबाईंनी, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबवला.

"सवय आहे ना," मालनबाई म्हणाल्या. "बारा वर्षांची. पाइप न फोडायची."

मालनबाईंनी वाकून आवाज ऐकला, खाली जाऊन लताबाईंचं छत बघितलं आणि येऊन सांगितलं, "बाक गेलाय. नवीन बसवल्याशिवाय आता थेंबही ओतू नका."

दिवाळीत नळवाला कुठला मिळायला. तो म्हणाला, भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी येतो. म्हणजे जवळजवळ आठवडा. लताबाईंनी शंकरपाळ्यांची आठवण ठेवून दार लावून घेतलं. बाकी घरांत पाहुणे.

"आमच्याकडे या," मालनबाई म्हणाल्या. "आमच्यात हे तेल-उटणं नसतं. मोरी रिकामी आहे."

असे नाना गायधनी सहकुटुंब पगाऱ्यांच्या घरी आंघोळीला यायला लागले. एकामागे एक, खांद्यावर टॉवेल टाकून, बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली बाकावर बसायचे आणि नंबर आला की आत जायचे. धोंडाबाई स्वतःची बादली आणि तांब्या घेऊन यायच्या. मालनबाईंनी ते बघितलं.

तिसऱ्या दिवशी मालनबाईंची मोरी तुंबली.

आजवर ती कधी तुंबली नव्हती. सावळीरामला इतकं हसू आलं, की तो चहाचा कप ठेवून बाहेर गेला. मालनबाईंनी नानांना बोलावलं.

"नाना, मोरी माझी. पण केस तुमचे."

नानांनी जाळीवरचा गुंता बघितला. पिवळं उटणं आणि हातभर लांब केस. नाकारायला जागाच नव्हती. बिनातिकीट धरलेल्या हजारो माणसांचे चेहरे त्यांनी नोकरीत पाहिले होते. तसला चेहरा करून ते गुडघ्यांवर बसले.

"आधी ओल्या फडक्याने शेजारच्या त्या बेसिनचं भोक बंद करा," मालनबाई दारातून म्हणाल्या. "दोन्हीचा पाइप एकच आहे."

"करतो, करतो."

"नाना, फडकं."

"आवो, करतो म्हनलं ना."

केलं नाही. चेंडू भोकावर ठेवून त्यांनी जो दाब दिला, त्याबरोबर खालचं सगळं काळं पाणी बेसिनमधून कारंज्यासारखं वर आलं आणि त्यांच्या दिवाळीच्या नव्या सदऱ्यावर पडलं. दाराशी धोंडाबाई उभ्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. नवऱ्यापुढे त्या पहिल्यांदाच खदखदून हसल्या.

नानांनी फडकं उचललं, पिळलं आणि बेसिनच्या भोकात कोंबलं.

"आता सांगा," ते म्हणाले.

"जोर लावायचा नाही. दाबायचं आणि ओढायचं. ओढणं महत्त्वाचं."

"म्हंजे पुढं-मागं. गाडी चिखलात रुतल्यावर करत्यात तसं."

"तसंच."

"मग आदी सांगायचं ना, गाडीवानी हाय म्हून."

दहा वेळा दाबलं-ओढलं. मग स्प्रिंग फिरवली. वळणावर ती अडली तेव्हा नानांचा हात ढकलायला शिवशिवला, पण त्यांनी मालनबाईंकडे बघितलं आणि उलटी फिरवली. सुटली. बाहेर आला तो गोळा नारळाएवढा होता. पाणी गुडगुडत गेलं. नानांनी कान लावून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आत काय फुटलं तर नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लय नाजूक आसतंय हे," नाना म्हणाले. जणू हे मालनबाईंनाच सांगायला हवं होतं.

भाऊबिजेनंतर नळवाला आला, बाक बसला, लताबाईंचं छत सुकलं. पुढच्या सभेत नानांनी ठराव मांडला की इमारतीत ॲसिड आणि सळईला बंदी. स्वतःची बाटली त्यांनी भंगारवाल्याला दिली. सळई दिली नाही, तिच्यावर गॅलरीत कपडे वाळत घालू लागले. कुणाकडे मोरी तुंबली की मालनबाईंच्या मागून नानापण जायचे आणि दारात उभे राहून सांगायचे, "फडकं. आदी फडकं." लोक म्हणायचे, मालनबाई परवडल्या.

आंघोळीचं तेवढं राहिलं. घरची मोरी सुधारली तरी धोंडाबाई दर रविवारी टॉवेल घेऊन मालनबाईंकडे हजर. चौथ्या रविवारी मालनबाईंनी विचारलंच.

"धोंडाबाई, वरती अजून काही बिघडलंय का?"

"नाय ओ. तुमच्या बंबाचं पानी बरं लागतंय," धोंडाबाई म्हणाल्या. "आन् वर ते सारखं मोरीवरच बोलत आसत्यात. चहा टाकताय ना?"

मालनबाईंनी चहा टाकला. बादली-तांब्या धोंडाबाईंनी आणलाच नव्हता. मालनबाईंचाच घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.