पॉइंट टू टूला दिलेला चुना

नोव्हेंबरात आमची कंपनी बर्फातल्या पोस्टवर चढली. मी मेस कीपर होतो. आठवीनंतर शाळा सुटली, महाडच्या एमआयडीसीत ड्रम धुतले, मग भरती. आठवी पासला फौजेत जो ट्रेड मिळतो तो मला मिळाला. गाव तुडील, सावित्रीच्या काठचं. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिथंच.

रुटीन ठरलेलं. ०४३० ला स्टोव्ह, ०६०० ला चहा, ०७३० ला नाश्ता, मग भांडी. जवान पॅट्रोलला, म्हणजे गस्तीला जायचे आणि मी मेसच्या दारात उभा राहून बघायचो. ते दिसेनासे झाले की भांड्यांकडे वळायचो.

हवालदार उतेकर पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. माझं पहिलं वाक्य ऐकूनच म्हणाले, "तुडीलकडचा काय रे? मग शेजारीच की आपण." त्या दिवसापासून त्या थंडीत मला माझं एक माणूस होतं. त्यांनाच विचारलं, "उस्ताद, मला तुमच्या पॅट्रोलमध्ये घ्याल?"

"परीक्षा हाय. दे."

परीक्षा अशी: सुभेदार साहेब दुर्बीण घेऊन बसणार. तीनशे मीटरवरून सरपटत, न दिसता, पन्नास मीटरच्या आत यायचं आणि दुधाच्या डब्याला एक गोळी मारायची. वेळ दोन तास. रायफल सरावाची जुनी पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरची. बारकी गोळी, पिन तिच्या बुडाच्या कडेवर आपटते, आवाज लवंगी फटाक्याएवढा. अंगावर पांढरा पोशाख असला तरी काळी रायफल बर्फात उठून दिसते. ड्यूटीची रायफल रंगवायची परवानगी नव्हती, या म्हातारीला होती.

नावं घेताना सुभेदार साहेब म्हणाले, "मेसवाला? त्याला पळी द्या हातात." सगळे हसले. मीही हसलो, आणि नाव दिलं.

तयार रंग पोस्टवर नव्हता. बर्फ वितळल्यावर हेलिपॅडवर खुणा करायचा चुना होता आणि मेसमध्ये भाताची पेज. आमच्याकडे गणपतीआधी पडवीला चुना देतात त्यात पेज घालतात, आणि अंगाला लागू नये म्हणून मूठभर मीठ. हात आपोआप मिठाकडे गेला. रायफल स्टोव्हजवळ वाळत ठेवली. दोन दिवसांनी नळीवर तांबूस ठिपके.

हत्याराला गंज म्हणजे पेशी, साहेबांसमोर उभं राहून शिक्षा. मी घाबरून उस्तादांकडे गेलो. त्यांनी नळीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"मीठ घातलंस? अरे, रायफल हाय का पडवीची भिंत?"

"चुकलो, उस्ताद."

"ते दिसतंय. आता काय, रडणार हायस? घास."

घासली. ते शेजारी बसून तेल देत राहिले. कुणाकडे बोलले नाहीत.

दुसऱ्या वेळी मेडिकल रूममधल्या जुन्या पट्ट्या नळीवर गुंडाळल्या. चुना आणि पेज पट्टीवर दिली, लोखंडावर नाही. बोल्ट, साइट आणि नळीचं तोंड मोकळं ठेवलं. वरून स्टोव्हची काजळी कालवून फिकट पट्टे ओढले.

सुभेदार साहेबांनी रायफल उलटीसुलटी केली. "हे पट्टे कसले? सगळी पांढरी कर."

"साहेब, मी रोज दारातून बघतो. बर्फ नुसता पांढरा नाय. सावलीत राखेसारखा दिसतो."

"मला शिकवतोस?"

"नाही साहेब. पण पट्टे राहू द्या साहेब."

पट्टे राहिले.

०९३० ला सुरुवात. माझ्याबरोबर निघालेले दोघे पकडले गेले. १११० ला मी पन्नास मीटरच्या आत, एका खडकाच्या सावलीत पोचलो. साहेब वायरलेस सेटवरून एका जवानाला मला शोधायला बर्फात फिरवत होते. तो जवळ आला तसा सेट ऐकू यायला लागला.

"डावीकडे दहा पाऊल. काय आहे? ओव्हर."

"खडक आहे साहेब. ओव्हर."

"नीट बघ. ओव्हर."

त्याचा बूट माझ्या कोपरापासून हातभर. मी श्वास रोखला.

"खडकच आहे साहेब. ओव्हर."

तो माझ्या मागं निघून गेला. १११७ ला गोळी मारली. डबा पडला.

"कोण आहे? उभा राहा!"

उभा राहिलो. "मेस कीपर, साहेब!" इतक्या जोरात मी फौजेत कधी ओरडलो नव्हतो.

साहेबांनी दुर्बीण खाली केली. "भांडी आटपून पॅट्रोलला जायचं. कळलं?"

उस्ताद म्हणाले, "आता चहा कोण देणार रे आम्हाला?" एवढंच.

फेब्रुवारीतलं सहावं पॅट्रोल. १०४० ला नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ, ओलांडत होतो. सगळे एकाच दोरीला बांधलेले; दोरीवर उस्ताद पहिले, मी चौथा. वरून जड काही ओढल्यासारखा आवाज आला आणि बर्फ सरकला. दोरीला हिसका बसला, मग ती सैल पडली. दुसऱ्या जवानाच्या पुढं तुटली होती.

सेटवाल्यानं पोस्टला कळवलं, "एक जवान बर्फाखाली. मदत पाठवा. ओव्हर."

फावडी चालवली, मग हातांनी खणलं. १३१५ ला उस्ताद सापडले. श्वास नव्हता.

मदत घेऊन सुभेदार साहेब स्वतः आले. स्ट्रेचरला माणसं लावताना माझे सोललेले हात बघून म्हणाले, "तू राहू दे. तू मेसचा."

"मी पॅट्रोलचा आहे साहेब."

बाजूला सरकून त्यांनी मला जागा दिली. पोस्टपर्यंत मी खांदा बदलला नाही.

आज मी गावापासून लांब, गुजरातेत एका गेटवर ड्यूटी करतो. लोक विचारतात, फौजेत काय होतास? मी सांगतो, मेस कीपर होतो, आणि दोरीवर चौथा होतो. पहिले हवालदार विठोबा उतेकर होते.