इंदुताईच्या आभाळातले चार ठिपके

जुना कॅमेरा विकत घेताना तुम्ही काय बघता हो? खरं सांगा. पट्टा नवा आहे का, चकाकी आहे का, आणि दुकानदाराने काढलेल्या फोटोत आपलं तोंड बरं दिसतं का. एवढंच ना? मीही तेवढंच बघितलं होतं. म्हणून इंदुताई भर कचेरीत खोटी ठरली, आणि त्यात माझा हात आहे.

इंदुताई गडचांदूरच्या पलीकडच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, तिला तिथंच राहायचं आहे. सातवी शिकलेली बाई, कापसाचं शेत, आणि थोड्याच अंतरावर चुनखडीची खाण. दुपारी सुरुंग उडाला की धुरळा येऊन बोंडांवर बसतो. कापूस वेचावा तर बोटं राखाडी होतात. आता ती खाण आणखी पुढे सरकवायची आहे, थेट तिच्या बांधापर्यंत. त्यावर हरकत घेणारी गावातली पहिली हीच.

मोबाईलवरचे फोटो कचेरीत नेले तेव्हा हरकत ऐकणारे साहेब म्हणाले, "मोबाईलचे फोटो कुणीही बनवतं, बाई." मग बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, जुना का होईना, कॅमेराच घ्यायचा. निवडायला मला चंद्रपूरला नेलं. मोर्चे काढलेत मी, ठाणेदाराशी भांडलोय. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे बायकांसमोर कबूल करायची लाज वाटली. दुकानदाराने तिथंच इंदुताईचा आणि माझा फोटो काढला, झकास आला, कॅमेरा घेऊन टाकला.

महिनाभर ती रोज दुपारी बांधावरच्या एकाच बाभळीजवळ उभी राहून फोटो काढत होती. सुनावणीच्या दिवशी खाणीच्या माणसाने ते सगळे पडद्यावर मोठे केले.

"साहेब, आभाळात बघा. चार काळे ठिपके. आता दुसऱ्या दिवसाचा फोटो. तेच चार, त्याच जागी. वारा बदलला, दिवस बदलला, ठिपके जागचे हलत नाहीत. धूळ खाणीत नाहीच साहेब, बाईंच्या कॅमेऱ्यात आहे."

हॉल हसला. अरे, ठिपक्यांच्या खाली शेतभर पसरलेला धुरळ्याचा लोट दिसत होता की नाही? तो कुणी बघितला? साहेबांनी लिहिलं, 'छायाचित्रे सदोष'. पुढची तारीख दिली आणि चहा मागवला.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. मला म्हणाली, "अंकुश, कॅमेरा तूच पाह्यला होता ना?"

"हो ताई."

"काय पाह्यलं होतं?"

मी चकचकीत पट्ट्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी ती गडचांदुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या लोकेशकडे जाऊन बसली. त्याने समजावलं, "काकू, आतमंधी एक चकती असते, सेन्सर म्हनते तिले. फोटो तिच्यावरच उमटते. तिच्यावर कण बसला, की दर फोटोत त्याच जागी ठिपका. दुकानात उजेड कमी, भिंगाचं भोक मोठं, म्हनून दिसत नाई. उन्हात भोक बारीक केलं की उघडा पडते." त्याने फुंकणीच्या पंपाने हवा मारली. तीन ठिपके गेले, चौथा चिकटलेलाच राहिला. मग भिंगाला झाकण लावून फोटो काढला. सगळं काळं यायला हवं होतं, तर त्यात लाल-निळे ठिपके चमकत होते. "हे धूळ नाई, काकू. चकतीच गेली. हा वापस करा."

आम्ही पुन्हा चंद्रपूरला. दुकानदार म्हणाला, "एकदा विकला की विकला, बाई." माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला, तर इंदुताईने मलाच मागे ओढलं. "तू चूप बस. तुयाच चुकीनं आलो इथी."

ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि आपल्याच कॅमेऱ्याने आभाळाचा फोटो काढला. मग झाकण लावून दुसरा.

"काय करून राह्यली बाई? झाकन लावून फोटो काढते का कोनी?" दुकानदार खिदळला.

"तुये धंदे अंधारातच दिसते, बाप्पा."

आत एक मास्तरीणबाई शाळेसाठी कॅमेरा बघत होत्या. त्या बाहेर आल्या. "मावशी, हाही बघून द्या ना." इंदुताईने बघितला. मोकळ्या आभाळात मधोमध डाग. बाईंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि पर्स बंद केली.

दुकानदाराचं हसू तिथंच मेलं. "घ्या बदलून! कोनता पाह्यजे तो घ्या, पन लवकर जा."

"लवकर काऊन? ऊन आहे अजून."

चार कॅमेरे तिने उन्हात नेऊन बघितले. चमकणारे तीन परत केले. घेतला तो मुठीचं रबर निघालेला, कोपरे घासलेला. आभाळ स्वच्छ, काळं म्हणजे काळंच.

पुढच्या तारखेला तिने सर्वांत आधी झाकण लावलेला काळा फोटो दाखवला. दुसरा सकाळच्या मोकळ्या आभाळाचा. "पाहून घ्या साहेब. डाग असन तर आताच सांगा, मागून नाई." खाणीच्या माणसाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, कोपरे धुंडाळले. मग तिने तिसरा लावला, सुरुंगाचा. या वेळी कुणी हसलं नाही. फोटो फाइलला लागले.

आणि साहेबांनी काय केलं? जागेची पाहणी ठेवली, बावीस तारखेला, आणि खाणीला आधी लेखी कळवलं! म्हणजे बावीसला सुरुंग नाही, रस्त्यावर टँकरने पाणी, आणि धुतलेल्या वाटेने साहेब चालत जाणार. एकवीसला काय उडालं ते विचारायला कोण येणार आहे?

बावीसच्या आधीचा रोजचा सुरुंग टिपायला एकटी इंदुताई पुरी पडणार नाही. तुमच्या कपाटात कॅमेरा पडून असेल तर तो काढा. झाकण लावून एक फोटो घ्या, उन्हात आभाळाचा एक घ्या. दोन्ही स्वच्छ असतील तर बावीसच्या आधी, कुठल्याही दुपारी, गडचांदूरच्या स्टँडवर उतरा आणि लोकेशच्या स्टुडिओत माझं नाव सांगा. बांधापर्यंत मी नेतो. या.